भोपळ्याला पहिली सुरी

केक म्हटलं की लोकांना वाढदिवस आठवतो. मला भोपळा आठवतो आणि डोकं फिरतं. अजूनही फिरतं. नाती दुकानातून क्रीमचा केक आणतात, वर मेणबत्त्या खोचतात, आणि मी आपली गुपचूप एक तुकडा खाऊन घेते. त्या पोरींना काय सांगायचं, की सोलापुरात आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकदा दसऱ्याला केक झाला होता, शेगडीवर, वाळूत ठेवून, आणि तो इतका चांगला झाला होता की त्याचाच मला इतकी वर्षं राग येतोय.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. दुष्काळ नुकता मागं पडला होता. रेशनवरच्या लाल ज्वारीची चव जिभेवरून अजून पुरती गेली नव्हती. घरात आम्ही तिघंच. आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात जॉबर. कापड विणायचे साचे आणि ते चालवणारी माणसं त्यांच्या हाताखाली. अव्वा, म्हणजे आई, घरात. आणि मी, मॅट्रिक होऊन शिवणाच्या क्लासला जाणारी. अव्वा दुधनीकडची. तिकडं घराघरांत निम्मं कानडी चालतं, म्हणून आईला आई न म्हणता अव्वा. मला भाऊ नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवा.

केकचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते शिवणाच्या बाईंनी. त्या ख्रिस्ती, आमच्याच बोळात राहायच्या. नाताळात त्यांच्याकडं केक व्हायचा आणि वास आमच्या चुलीपर्यंत यायचा. पण त्यात अंडं, आणि आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी तोंड पाडून बसले की बाईंना हसू यायचं. एकदा म्हणाल्या, "अगं, अंडं घालतात ते पीठ धरून राहावं म्हणून. त्याच्या जागी उकडलेला भोपळा घाल. तोही धरतो. दही घाल, सोडा घाल. बघू की होतंय का."

झालं. मी हात धुऊन मागं लागले. लाल भोपळा किसायचा, वाफवायचा, पाणी पिळून टाकायचं. गूळ विरघळवायचा, मैदा, वनस्पती तूप, दही, चिमूटभर सोडा, वर जायफळ. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवायची, वाळूवर केकचा डबा, पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. खालून आच आणि वरूनही आच. मी केलेला पहिला केक खालून कोळसा झाला होता आणि वरून बसला होता. आप्पा पाळी सुटून आले, हातपाय धुतले, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. मी बोटं मोडत उभी.

"खालनं डांबर हाय," आप्पा म्हणाले. "पण मधलं लई झकास हाय की."

आणि मधलं मधलं सगळं खाल्लं त्यांनी. वर म्हणाले, "आता दसऱ्याला घारगे न्हकोत. दर दसऱ्याला ह्योच कर. वाळू तेवढी पातेल्यात ऱ्हाऊ दे, आमच्या पोटात न्हको." माझं कौतुक करायची त्यांची तऱ्हा अशीच होती. एक चिमटा काढल्याशिवाय गोड बोलायचेच नाहीत.

आता भोपळ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला बायका पहिली सुरी लावत नाहीत. पहिला घाव पुरुषानं घालायचा. एकदा त्यानं दोन भकलं करून दिली की मग बायकांनी हवं तसं चिरावं. का, तर तसं असतंय. मी अव्वाला शंभरदा विचारलं असेल, तिचं उत्तर तेवढंच. ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या बायका शेजारच्याला हाक मारायच्या, "एवढा भोपळा फोडून द्या की." बोळात कुणी अशी हाक मारली की सगळ्यांना त्या घरात कोण आहे आणि कोण नाही ते कळायचं.

आमच्या घरात अशी हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. आप्पांचा हात या कामात तयार होता. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा त्यांच्या खात्यात साच्यांपुढं कोहळा फोडायचा मान त्यांचा. एका घावात दोन भकलं. दुसरा घाव म्हणून घालायचा नाही. घरी भोपळा चिरतानाही तोच रुबाब. सुरी लावायच्या आधी भोपळ्यावर टिचकी मारायचे, कान देऊन ऐकायचे, मग अव्वाकडं बघायचे. अव्वा म्हणायची, "पुरे आता नाटक." की मग घाव.

त्या पहिल्या केकनंतरच्या वैशाखात आप्पांच्या अंगावरून वारं गेलं.

कामावर निघायच्या वेळी सदरा घालत होते. उजवा हात बाहीत गेला तो बाहेर आलाच नाही. मला म्हणाले, "बाही कुटं अडकली काय बघ गं." मी बघितलं तर बाही कुठंच अडकलेली नव्हती. हातच थांबला होता. मी हसले. मला वाटलं, आप्पा चेष्टा करतायत. तेवढ्यात ते भिंतीला घासत खाली बसले.

उजवं अंग गेलं, आणि बोलणंही गेलं. तोंडातून निघायचं ते फक्त "बा". पाणी हवं तरी बा, नको तरी बा. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, उजव्या हातात धरून दाबत राहायला सांगितलं. अव्वानं विचारलं, हात येईल का. ते म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर अव्वानं उरलेला उन्हाळा काढला. शेजारणी येऊन कबुतराच्या रक्ताचं औषध सांगून जायच्या. अव्वा त्यांना चहा द्यायची आणि त्या गेल्या की म्हणायची, "आमच्यात चालतंय का असलं? डोस्कं फिरलंय ह्यांचं." मग तेलाची बाटली घेऊन बसायची. खांद्यापासून बोटांपर्यंत, बोटांपासून खांद्यापर्यंत चोळत राहायची. आमच्या घराला त्या तेलाचा वास लागला होता, पांघरुणांना, भाकरीलासुद्धा.

पण घरातला कारभार अव्वानं आप्पांच्याच हातात ठेवला होता. दारावर कुणी आलं, भंगारवाला, कल्हईवाला, कुणी का असेना, आणि "मालक हायत का?" म्हणून विचारलं, की अव्वा लगेच म्हणायची, "हायत की. आत हायत. इचारून सांगते." आणि खरंच आत येऊन विचारायची. "आवं, भांडी कल्हईला टाकू का?" आप्पा म्हणायचे, "बा." अव्वा त्या 'बा'कडं लक्ष देऊन ऐकायची, मान हलवायची, आणि बाहेर जाऊन सांगायची, "टाका म्हणत्यात." कधी सांगायची, "आत्ता न्हको म्हणत्यात." बा एकच, अर्थ दोन. मी एकदा चिडून म्हटलं, "अव्वा, तुला कसं कळतंय गं?" तर म्हणाली, "संसार केलाय मी त्यांच्याबरुबर, तू न्हाय."

गौरीच्या दिवसांत मामा आला, अव्वाचा भाऊ. शेताच्या बांधावरचा भोपळा पोत्यात घालून दुधनीहून घेऊन आला. काय भोपळा होता तो. खोल खोल कप्प्यांचा, देठासकट, दोन हातांत मावायचा नाही. मामानं तो आप्पांच्या खाटेसमोर ठेवला आणि म्हणाला, "दाजी, बघा. ह्या साली पाऊस झाला ते ह्या भोपळ्यानं सांगावं." आप्पांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मामा म्हणाला, "आक्का, आन सुरी. जाता जाता फोडून देतो."

अव्वा म्हणाली, "न्हको. आत्ता न्हको. दसऱ्याला हेच फोडत्याल."

मामा रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागला. आप्पांनी अव्वाकडं बघितलं. मीही बघितलं, पण तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. ती मला म्हणाली, "आणि तू त्यो तुझा केक कर. आप्पानं सांगितलंय न्हवं, दर दसऱ्याला म्हणून." आणि तिनं भोपळा उचलून कोपऱ्यात चुंबळीवर ठेवला, आप्पांना पडल्या पडल्या दिसेल असा.

त्या दिवसापासून त्या मेल्या भोपळ्यानं आमचं घर ताब्यात घेतलं. सकाळी तेल चोळताना अव्वा म्हणायची, "दाबा चेंडू. दसरा जवळ आलाय." दुपारी म्हणायची, "बोट हाललं. मी बघितलं. हाललं की न्हाय गं?" आणि माझ्याकडं बघायची. बोट हललेलं नसायचं. मी म्हणायचे, "हललं." काय म्हणणार? आप्पा चेंडूकडं बघत राहायचे, मग भोपळ्याकडं, मग आढ्याकडं. मला त्या भोपळ्याचा इतका राग यायचा की केर काढताना मी त्याला केरसुणीचा फटका मारून पुढं जायचे.

एक दिवस मी सरळ म्हटलं, "अव्वा, मंडईत चिरलेल्या फोडी मिळतात. एक फोड आणू, केक करू, आप्पांना खायला घालू. त्यांना भाकरी चावत नाही, केक मऊ असतो. त्यासाठी एवढं रामायण कशाला?"

"फोड न्हको मला," अव्वा म्हणाली. "मंडईतल्या फोडीला कुणी सुरी लावली ते कुणाला ठावं?"

"कुणी का लावेना."

"तुला कळायचं न्हाय," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. पण मला कळत होतं. तिला फोड नको होती, केकही नको होता. तिला घाव हवा होता. आप्पांनी घातलेला. तो पडला असता की तिच्या लेखी सगळं परत रुळावर येणार होतं, हात, बोलणं, गिरणीचा भोंगा झाल्यावर दाराशी वाजणारी चप्पल, सगळंच.

आणि गंमत अशी, की आप्पांना तो घालता आला असता. डावा हात धडधाकट होता की त्यांचा. भादव्यात एका सोमवारी अव्वा तळ्यातल्या देवळात गेली होती. मी आप्पांना भिंतीला टेकून बसवलं, भोपळा पाटावर घेऊन त्यांच्यापुढं ठेवला आणि मोठी सुरी त्यांच्या डाव्या हातात दिली. "आप्पा, लावा," म्हटलं. "एका घावात नाही तर दहा घावात. कुणी मोजायला बसलं नाही." आधी त्यांना खरंच वाटेना. मग त्यांनी सुरी मांडीवर ठेवली, डाव्या हाताच्या बोटानं भोपळ्यावर टिचकी मारली आणि कान दिला. तुम्हाला सांगते, वैशाखापासून मी त्या घरात पहिल्यांदा सुखानं श्वास घेतला. त्यांनी सुरी उचलली, नेमकी दोन कप्प्यांच्या मधल्या खाचेत धरली, खांदा वर केला.

तेवढ्यात अव्वा दारात. हातात प्रसादाची पुडी. तिनं पुडी टाकली आणि येऊन सुरी काढूनच घेतली.

"डाव्या हातानं?" म्हणाली. "डाव्या हातानं करायचं काम हाय का हे?"

मी भडकले. म्हटलं, "रोज पूजेला लिंग कुठल्या तळहातावर घेतो आपण? डाव्याच ना? तेव्हा डावा हात चालतोय, आणि भोपळ्याला नाही?"

"त्ये धरायला," अव्वा म्हणाली. "धरायला डावा, करायला उजवा. उजवा येणार हाय त्यांचा. आज डाव्यानं केलं म्हंजी उजवा गेला असं हून बसतंय."

आप्पा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. त्यांचा डावा हात अजून सुरी धरल्यासारखा वरच होता. मग त्यांनी तो खाली घेतला. अव्वानं भोपळा परत कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि तेलाची बाटली काढली. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं.

त्यानंतर आप्पांनी चेंडू दाबायचं सोडलं असं मी म्हणणार नाही. अव्वा हातात द्यायची, ते धरायचे. पण भोपळ्याकडं बघायचे नाहीत. कूस बदलता यायची नाही त्यांना, तरी मान वळवून भिंतीकडं तोंड करायचे. अव्वाला ते दिसलं नाही. किंवा दिसलं असेल, मला बोलली नाही.

नवरात्र बसलं. आश्विनातलं ऊन आमच्याकडं उन्हाळ्यासारखंच भाजतं, पत्रा तापायचा आणि खोलीत तेलाचा वास अजूनच चढायचा. खंडेनवमीला संध्याकाळी गिरणीतला एक कामगार प्रसाद घेऊन आला. आप्पांच्या हाताखालचाच माणूस. भला होता बिचारा, पण तोंडाला लगाम नव्हता. आप्पांच्या उशाशी बसून त्यानं पूजेचं सगळं साग्रसंगीत सांगितलं. झेंडूच्या माळा किती, नारळ कुठला. आणि म्हणाला, "कोहळा नव्या जॉबरनं फोडला. दोन घाव लागले त्याला. तुमची सर कुटं येतीया, मालक."

नवा जॉबर. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अव्वा चहा गाळत होती, तिचा हात थांबला. आप्पांनी डोळे मिटले. त्या माणसाला आपण काय बोलून गेलो ते उमगलं असावं, तो चहा न पिताच उठला.

दसऱ्याच्या सकाळी अव्वा लवकर उठली. आप्पांना अंघोळ घातली, धुतलेली बंडी घातली, कपाळाला विभूती लावली. दाराला तोरण बांधलं. मला म्हणाली, "शेगडी पेटव. वाळू तापाय ठेव." मी म्हटलं, "आधी भोपळा तर फुटू दे." ती म्हणाली, "फुटतोय. तू वाळू ठेव." तिचा आवाज असा होता की मी वाद घातला नाही. मैदा चाळून ठेवला, गूळ विरघळवला. सगळं तयार, फक्त भोपळा नाही.

अव्वानं पाट मांडला, भोपळ्याला हळदकुंकू लावलं आणि आप्पांना धरून बसतं केलं. उजव्या हाताची बोटं एकेक करून सुरीच्या मुठीभोवती वळवली. "हां," म्हणाली. "आता." तिनं हात सोडला. बोटं उलगडली आणि सुरी पाटावर पडली.

तिनं परत वळवली, परत पडली. आप्पा जोर लावत होते, नाही असं नाही. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या, कपाळावरची विभूती घामानं ओघळली. खांदा हलायचा, कोपर जरा हलायचं, पुढं काही नाही. मला बघवेना. मी म्हटलं, "अव्वा, तू त्यांचा हात धर आणि दाब. झालं की."

"मग त्यो माझाच हात झाला," अव्वा म्हणाली.

पुन्हा सुरी पडली. या वेळी ती पाटावरून घरंगळत माझ्या पायाशी आली. मी उचलली आणि तशीच उभी राहिले. द्यायची कुणाला? अव्वानं माझ्या हातातून घेतली. मग तिनं जे केलं ते मी तिच्याकडून कधी अपेक्षिलं नव्हतं. तिनं सुरी आप्पांच्या डाव्या हातात दिली.

"बरं," म्हणाली. "डाव्यानं लावा. आज डावा चालंल. मी चालंल म्हणते. लावा तुमी."

डाव्या हातानं सुरी घट्ट धरली. मला वाटलं, आता टिचकी मारणार. मी तर जिवाचा कान केला होता. आप्पांनी सुरीकडं बघितलं, भोपळ्याकडं बघितलं. मग सुरी फिरवली, मूठ अव्वाकडं केली आणि तिच्यापुढं पाटावर ठेवली. त्यांचे ओठ हलले. जबडा वाकडा झाला, आणि अगदी स्वच्छ, कुणालाही कळावं असं ते बोलले.

"तूच चीर."

वैशाखापासून त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. आणि मी मूर्ख, मला आनंदच झाला. "आप्पा बोलले," मी ओरडले, "अव्वा, आप्पा बोलले." हसत हसत अव्वाकडं वळले. ती हसत नव्हती. ती आप्पांकडं बघत होती, आणि आप्पा तिच्याकडं, आणि त्या दोघांत मला जागा नव्हती. मग कुठं मला समजलं की ते काय बोलले.

अव्वानं पदर डोक्यावरून घेतला. सुरी उचलली. बोळात नवरा गेलेल्या कितीतरी बायका होत्या, त्यासुद्धा भोपळ्यासाठी शेजाऱ्याला हाक मारायच्या. नवऱ्यासमोर बसून, तो बघत असताना, अख्ख्या भोपळ्याला सुरी लावणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तिचा घाव तिरका पडला. सुरी रुतून बसली. ती उपसून तिनं दुसरा घातला, मग तिसरा, दातओठ खात. आप्पांनी मान वळवली नाही. शेवटपर्यंत बघितलं. भोपळा फुटला तर आतून गर्द केशरी, घट्ट, एक बी सडलेली नाही.

"किस," अव्वा मला म्हणाली.

मी किसला. वाफवला, पिळला, कालवला. कशातच लक्ष नव्हतं. निखारे किती ठेवले, वाळू किती तापली, काही बघितलं नाही. वाटलं, करपू दे, जळू दे, गिळगिळीत होऊ दे. वर्षभर आधी जीव तोडून केलेला केक बसला होता, आणि हा आपोआप फुगला. झाकण काढलं तर सोन्यासारखा रंग, मधोमध बारीकशी चीर, आणि बोळभर वास. शिवणाच्या बाई वासानं दारात आल्या. सुरीचं टोक खुपसून बघितलं, म्हणाल्या, "अगदी जमला गं तुला आज." मी त्यांना आत या म्हटलं नाही.

अव्वानं आप्पांना केक भरवला. त्यांनी खाल्ला, दिलेला सगळा खाल्ला. ना 'बा', ना हसू. उजव्या बाजूला ओठ सैल पडलेला असायचा, त्यांना तिकडं काही कळायचं नाही, घास तिथं लागून राहायचा. एरवी अव्वा पहिल्या घासाबरोबर पदरानं टिपायची. त्या दिवशी केकचा चुरा तसाच लागून राहिला. वाटी घेऊन ती उठून गेली. मी पुसला.

संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन आले, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. सगळ्यांना केक दिला. सगळ्यांनी नावाजला. एका म्हातारीनं विचारलं, "भोपळा कुणी फोडला गं?" अव्वा म्हणाली, "मीच." म्हातारीनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. तिनं तुकडा खाल्ला मात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल चोळायच्या वेळी अव्वानं बाटली काढली नाही. मी आठवण केली. म्हणाली, "साकु आता." साकु म्हणजे पुरे. चेंडू खाटेखाली घरंगळत गेला होता, तो तिनं केर काढताना बाजूला सारला आणि पुढं गेली. मी तो पुसून आप्पांच्या हातात देऊन बघितला. त्यांनी धरला नाही.

आप्पा त्यानंतर काही वर्षं होते. बोलले नाहीत. मी वाट बघितली, लई वाट बघितली. 'बा' सुद्धा हळूहळू कमी होत गेला.

कोजागिरीच्या आसपास पिंजारी आला. दिवाळीच्या आधी गाद्या पिंजून द्यायला तो दरवर्षी बोळातून फिरायचा, खांद्यावर धनुकली घेऊन, तिची तार वाजवत. आप्पांची गादी पार गोळा झाली होती. अव्वा दाराशी तांदूळ निवडत बसली होती, मी तिच्यामागं, आणि आप्पांची खाट माझ्यामागं हातभर अंतरावर. पिंजारी दारात थांबला. दरसालचा शिरस्ता त्याला ठाऊक होता.

"गादी पिंजायची का, बाई?" त्यानं विचारलं. "मालक हायत न्हवं घरात? इचारून सांगा."

मी उठायला लागले, अव्वाला आत जायला वाट द्यावी म्हणून. ती जागची हलली नाही. तिनं सुपातला एक खडा वेचला आणि बाहेर टाकला.

"मालक न्हायत," म्हणाली. "टाका पिंजून. मीच सांगतीया."

मी मागं बघितलं. आप्पा जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. निदान 'बा' तरी म्हणतील म्हणून मी थांबले, पिंजारी तार वाजवत अंगणात बसेपर्यंत थांबले. ते काही बोलले नाहीत.